गोल रबराचं काय ते

तारापूरच्या एमआयडीसीत एका रसायनांच्या कारखान्यात मी तीस वर्षं स्टोअरकीपर होतो. शब्दकोशांवर टीका करायचा माझा अधिकार काय तो एवढाच. पण तो पुष्कळ झाला, असं माझं नम्र मत आहे. (सौ.चं मत निराळं आहे. पण ते सगळ्याच बाबतींत असतं.)

स्टोअरच्या खिडकीशी माणूस येतो आणि म्हणतो, "साहेब, ते गोल रबराचं काय ते द्या ना." वस्तूचं नाव त्याला ठाऊक नसतं. मी विचारतो, "पंपाचं की पाइपाचं?"

"पंपाचं."

"फिरत्या दांड्यावरचं की नुसतं बसतं?"

"फिरत्या."

म्हणजे ऑइल सील. रॅक चार, खालून दुसरा कप्पा. हा सगळा संवाद अर्ध्या मिनिटात आटोपायचा, कारण माझं स्टोअर तसं लावलेलं होतं. पंपाचं पंपापाशी, पाइपाचं पाइपापाशी. पुढे एक नवे मॅनेजर आले. त्यांनी सगळं ए टू झेड लावायचा हुकूम सोडला. बेअरिंगच्या मांडीला मांडी लावून बकेट बसली आणि ग्रीसच्या शेजारी ग्लोव्हज. यादी मात्र फार सुरेख दिसायची. आठ दिवसांत फोरमन मंडळी माझ्या अंगावर धावून यायला लागली.

आपल्या मराठीचं स्टोअर त्या मॅनेजरांनी लावलंय, हा शोध मला निवृत्तीनंतर लागला. झालं असं, की बोईसरच्या आमच्या जुन्या कॉलनीच्या गणेशोत्सवाची स्मरणिका निघायची होती आणि मला सातपाटीवर लेख लिहायला सांगितलं होतं. तीन पानं झरझर झाली. मग बोंबील आले. किनाऱ्यावर बांबू रोवतात, आडव्या दोऱ्या बांधतात आणि दोन-दोन बोंबलांच्या तोंडात तोंड अडकवून ते त्यावर वाळत टाकतात. हे जे सगळं उभं असतं, त्याला काय म्हणतात? लहानपणी शंभरदा ऐकलेला शब्द! जिभेच्या टोकावर येऊन बसला आणि तिथंच वाळला.

माझ्याकडे दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' आहे. 1932 ते 1938 या काळात निघालेले सात भले थोरले खंड. मोल्सवर्थ आहे, त्याच्या 1857च्या आवृत्तीत साठ हजार शब्द. दोन्ही ग्रंथांपुढे मी रोज नमस्कार करायला तयार आहे. पण त्यांच्या दाराशी जो पहारेकरी बसलाय ना, तो म्हणतो, "आधी शब्द सांगा."

"अहो, शब्दच तर हवाय!"

"सांगितल्याशिवाय मिळायचा नाही."

म्हणजे ज्याच्यापाशी शब्द आहे आणि अर्थ नाही, त्याची इथं उत्तम सोय. माझ्यापाशी अर्थ होता. अर्थाला वासही होता. पण त्याला खिडकीच नाही.

पालघरच्या एका दुकानात गेलो आणि विषयवार लावलेला मराठी शब्दकोश मागितला. दुकानदारानं विचारलं, "मराठी-इंग्रजी देऊ की इंग्रजी-मराठी?" तिसरा प्रकार जगात आहे यावर त्याचा विश्वास बसेना. शेवटी माझ्या समाधानासाठी पर्यायी शब्दांचा एक कोश काढून दिला. तोही आपला 'अ'पासून सुरू! मग म्हटलं सरकारकडे वळावं. भाषा संचालनालयानं परिभाषा कोश काढलेत आणि ते विषयवार आहेत हे खरं. पण विषय मुखपृष्ठापुरता. आत शिरलात की इंग्रजी ए, बी, सी, डी. मराठी शब्द हवा असेल तर आधी इंग्रजी शब्द आणा, मग बोला. बोंबील वाळत घालायच्या बांबूंचं इंग्रजी मी कुठून आणू? साहेबानं बोंबलालाच बदक म्हणून ठेवलंय.

साहेबाकडे मात्र सोय आहे. रॉजे नावाचा एक डॉक्टर 1805 साली शब्दांचे गट पाडायला बसला आणि 1852 साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी त्यानं पुस्तक छापलं. एक हजार मथळे. सुरुवात अस्तित्वापासून आणि शेवट देवळात. आयुष्याचा क्रम म्हणून ठीकच आहे. पण एवढं विश्व मांडून लोक काय करतात? शेवटची अकारविल्हे सूची उघडतात आणि मागच्या दारानं आत शिरतात. हिंदीत अरविंद कुमारांनी 'माधुरी'चं संपादकपद सोडून असाच ध्यास घेतला. 1996 साली त्यांचा 'समांतर कोश' नॅशनल बुक ट्रस्टनं काढला. त्यांच्या पत्नी कुसुमबाई या कामात बरोबरीनं होत्या. हे मी सौ.ला मुद्दाम वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्यांनी आधी नोकरी सोडली होती. तुम्ही पेन्शनीत आल्यावर सुचवताय."

खरी चिडायची गोष्ट ही, की आपल्याला हे नवीन नाही. 'अमरकोश' काय आहे? वर्गवार लावलेलं स्टोअरच! त्याचा वारिवर्ग काढून पाहा: नाव, वल्हं, कोळी, जाळं, मासे, सगळे एका वस्तीला. 1674 साली राज्याभिषेक झाल्यावर शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून 'राज्यव्यवहारकोश' करून घेतला तोही दहा वर्गांत. दुर्गवर्ग, शस्त्रवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग वगैरे. किल्ल्यावर उभ्या असलेल्या माणसाला किल्ल्याचे शब्द एका जागी मिळायला हवेत, हे महाराजांना कळत होतं. फारशी काढून संस्कृत बसवायचा त्यातला हेतू पुरता साधला नाही. पेशव्याचा 'प्रधान' केला तरी लोक पेशवाच म्हणत राहिले. पण मांडणी? मांडणीत बोट ठेवायला जागा नाही.

आणि आज आपल्या वाट्याला काय उरलंय, तर शाळेच्या व्याकरणातले समूहदर्शक शब्द! केळ्यांचा घड, चाव्यांचा जुडगा, माशांची गाथण. गाथण डोळ्यांनी न पाहिलेली मुलं ती बिनचूक लिहून येतात.

शेजारची कॉलेजातली मुलगी म्हणाली, "काका, मोल्सवर्थ आता फोनवर आहे. अर्थातला शब्द टाकूनही शोधता येतं." आम्ही शोधलं. मोल्सवर्थनं अर्थ इंग्रजीत दिलेत, म्हणून शोधायचं तेही इंग्रजीत. निघालं ते बरंच निघालं, मला हवं ते सोडून.

शेवटी पिशवी घेऊन बाजारात गेलो. बाजार बरा, तो अकारविल्हे भरत नाही. सुक्या मासळीच्या ओळीत सातपाटीच्या एक मावशी बसतात. म्हटलं, "मावशी, ते बोंबील वाळत घालायचं बांबूचं असतं ना..."

मावशींनी विचारलं, "नुसता बांबू की आख्खं?"

मी गहिवरलो. माझ्या खिडकीतला प्रश्न!

"आख्खं."

"वलांडी. दुसरं काय म्हनायचं?"

वलांडी! अक्षरक्रमानं लावाल तर ही बिचारी वलय आणि वल्गना यांच्यामध्ये बसेल. थोडं पुढे वल्हं भेटेल, तेवढंच माहेरचं माणूस. मावशींच्या तोंडी मात्र ती एकटी आली नाही. डोलजाळं आलं, त्याचे दोर आले, बांबूंची लांबी आली, पावसाआधी सगळं सोडवून कुठं ठेवतात ते आलं. मी बिलाच्या मागे लिहित गेलो. मध्येच त्या म्हणाल्या, "माझी सून तर स्टँड म्हनते. ती बोईसरला कंपनीत जाते ना." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. सुनेच्या पगाराचं कौतुकच होतं.

वाढवण बंदराची पायाभरणी 2024 साली झाली. बर्थ आणि कंटेनर यांचे मराठी प्रतिशब्द कुठल्यातरी समितीत ठरतील, इंग्रजी अक्षरक्रमानं. मावशींच्या ओळीतले शब्द टिपायला कोण समिती नेमणार? मी घरी येऊन वहीवर 'मत्स्यवर्ग' असं मथळा घालून तेवीस शब्द उतरवून काढले.

एवढा वेळ घेतल्यावर रिकाम्या हातानं उठणं बरं दिसेना, म्हणून अर्धा किलो बोंबील घेतले होते. सौ.नं पिशवीत डोकावून नाकाला पदर लावला.

"हे कशाचे?"

"वलांडीचे. म्हणजे त्या शब्दाचे."

"एका शब्दाला अर्धा किलो? मग अख्खा कोश कुठं वाळत घालणार आहात?"