आंब्याचे लग्न मराठीत

महाराजपूरला बसून विल्यम स्लीमनचे ‘रॅम्बल्स अँड रिकलेक्शन्स’ (१८४४) मराठीत आणताना मी अडले ती आंब्याच्या लग्नापाशी. जबलपूरकडे आमराई लावणारा आधी एका आंब्याचे लग्न लावी, बहुधा चिंचेशी. तोवर फळ चाखत नसे. बहिणीसाठी हे लिहिणाऱ्या स्लीमनला त्याचे मोठे नवल. मराठीत ते उरतच नाही! दर कार्तिकात ज्यांच्या अंगणात तुळशीचे लग्न लागते, त्यांना यात नवल कसले? मी ते मुद्दाम जागवले नाही. मग खर्च दिसू लागला: झाडांना पाणी, वर ब्राह्मणभोजन, त्यापायी कर्ज. स्लीमन इथे फार चांगला लेखक आहे.

राजकारणावर लिहिताना तो अंमलदार होतो. मराठी राजवटींवर त्याचे शेरे कठोर आहेत. जबलपूर १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांकडे होते. त्यामुळे माझी लेखणी मऊ शब्द शोधू लागली. पहिल्या खर्ड्यात लुटीची ‘वसुली’ झाली होती. ती खोडून पुन्हा ‘लूट’ लिहिले. बोलणारा कंपनीचा पगारी नोकर आहे आणि हा मुलूख कंपनीने भोसल्यांकडूनच घेतला, हे मात्र मी प्रस्तावनेत सांगणार आहे.