पीएचपी मॅन्युअलमधील पासवर्ड-हॅशचे पान : एक समीक्षा

पासवर्ड जतन करण्यासाठी पीएचपीमध्ये 2013 साली, 5.5 या आवृत्तीत, पासवर्ड-हॅश हे फंक्शन आले. बोलताना आपण सर्रास ‘पासवर्ड एन्क्रिप्ट केला’ म्हणतो. पण हॅशवरून मूळ पासवर्ड परत काढता येत नाही. हा फरक लक्षात ठेवूनच या फंक्शनचे मॅन्युअलमधील पान वाचावे.

पान एकंदरीत चांगले आहे. हॅश साठवण्यासाठी डेटाबेसमध्ये 255 बाइटांची जागा ठेवा, हा सल्ला दूरदृष्टीचा आहे. कारण बीक्रिप्टचा हॅश आज 60 अक्षरांचा असला तरी उद्या मूळ पद्धतच बदलू शकते. सॉल्ट स्वतः पुरवण्याची सोय 7.0 मध्ये नापसंत ठरवली गेली आणि 8.0 पासून दिलेला सॉल्ट दुर्लक्षिला जातो. हा बदलही पानावर स्पष्ट नोंदवला आहे.

अडचण बदलांच्या तक्त्यात आहे. 8.4 मध्ये बीक्रिप्टची मूलभूत कॉस्ट 10 वरून 12 झाली, अशी एका ओळीची नोंद तिथे आहे. कॉस्ट हा दोनाचा घातांक असल्याने काम चौपट होते. पण ज्याच्या डेटाबेसमध्ये आधीचे हजारो हॅश पडून आहेत, त्याने काय करायचे? ते हॅश 10 वरच राहतात. प्रत्येक हॅशमध्ये त्याची कॉस्ट लिहिलेली असल्याने लॉगिन बिनबोभाट चालते आणि कुणाला काही जाणवतही नाही. वापरकर्ता पुन्हा लॉगिन करतो तेव्हाच मूळ पासवर्ड क्षणभर हाती असतो. त्याच वेळी पासवर्ड-नीड्स-रीहॅशने तपासून नवा हॅश साठवावा लागतो. ही कृती त्या दुसऱ्या फंक्शनच्या पानावर उदाहरणासह दिली आहे. तक्त्यातल्या ओळीने वाचकाला तिकडे पाठवायला हवे होते. आकडा बदलला म्हणजे दस्तऐवज अद्ययावत झाला, ही समजूत इथे तोकडी पडते.

दुसरी उणीव आपल्याला अधिक जवळची आहे. बीक्रिप्ट पासवर्डचे पहिले 72 बाइटच विचारात घेते, असा इशारा पानावर आहे. विधान अचूक आहे. मात्र इंग्रजी अक्षर एका बाइटाचे, म्हणून वाचक 72 अक्षरे असे समजून पुढे जातो. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. मात्रा आणि हलन्तही त्यात आले. ‘ज्ञानेश्वर’ डोळ्यांना चार अक्षरांचा शब्द दिसतो, पण त्यात दहा चिन्हे, म्हणजे 30 बाइट आहेत. तो सलग तीनदा लिहून पासवर्ड केला, तर तिसऱ्यातला फक्त ‘ज्ञा’ मोजला जातो. मग शेवटच्या ‘ज्ञानेश्वर’ऐवजी ‘ज्ञानदेव’ लिहिले तरी लॉगिन होते! विद्यार्थ्यांनी हे स्वतः करून पाहावे; चार ओळींचा कोड पुरतो. तमिळ, बंगाली, तेलुगू लिपींतही हेच घडते, कारण त्यांचीही चिन्हे तीन-तीन बाइटांची आहेत. लांब वाक्य हाच सुरक्षित पासवर्ड, असा सल्ला हल्ली सर्वत्र मिळतो. तो आपल्या भाषेत पाळणाऱ्याचे वाक्य चोविसाव्या चिन्हाला कापले जाते, आणि त्याला त्याची सूचनाही मिळत नाही. लॅटिनेतर लिपीतले एक उदाहरण त्या इशाऱ्याखाली दिले असते, तर ‘बाइट’ हा शब्द कुणी घाईने ओलांडला नसता.