कमळात अडकलेला बलवान भुंगा

ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात अर्जुन गलितगात्र होतो, तेव्हा ज्ञानदेवांना भुंगा आठवतो. कोरडं, कठीण लाकूड पोखरणारा हा भुंगा कोवळ्या कळीत सापडतो आणि प्राण गेला तरी पाकळी चिरत नाही. स्नेह असा असतो, असं ते सांगतात.

कमळात कोंडलेला भुंगा एका प्रसिद्ध संस्कृत सुभाषितातही आहे. तो सकाळची स्वप्नं पाहत बसतो आणि हत्ती येऊन कमळच उपटतो. तो भुंगा बिचारा, दैवाच्या हातचा. ज्ञानदेवांच्या ओवीत हत्ती नाही, दैवही नाही. इथल्या भुंग्याच्या जबड्यात बळ आहे, सुटका त्याच्याच हाती आहे, तरी तो सुटत नाही. ओवीचं सगळं मोठेपण मला या फरकात दिसतं. प्रत्यक्ष शंकराशी झुंजलेल्या अर्जुनाला याहून नेमकी उपमा नाही.

आणि ती डोळसही आहे. वाशांना, बांबूंना गोल भोकं पाडणारा काळाभोर भुंगा आपण पाहतो. पोखरते ती मादी. लाकूड ती खात नाही. कोरड्या लाकडात बोगदा कोरून ती पराग आणि मकरंदाचा गोळा ठेवते, त्यावर अंडं घालते आणि भुशाच्या भिंतीने खोली बंद करते. लाकडातली पिल्लं फुलांवर पोसली जातात. ओवीने समोरासमोर ठेवलेली कठीण आणि कोवळी अशी दोन्ही टोकं तिच्या एकाच संसारात आहेत.

कमळाचं वागणंही पाहण्यासारखं आहे. उमलताना त्याचे स्त्रीकेसर आधी तयार होतात, पराग नंतर सुटतात. संध्याकाळी ते मिटतं. ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या बागेतल्या कमळांवरचं संशोधन 1996 मध्ये प्रसिद्ध झालं: बाहेरची हवा 10 अंशांपर्यंत उतरली तरी फूल आतून 30 ते 36 अंश उबदार राहतं. ही ऊब रात्री आत राहणाऱ्या किड्यांसाठी असावी. सकाळी फूल उघडतं आणि पाहुणा पराग अंगावर घेऊन निघतो. त्याचा जीव घेऊन कमळाला काहीच मिळणार नसतं.

पण म्हणून ओवी खोटी ठरत नाही. अर्जुनाची कोंडीही अठराव्या अध्यायात सुटतेच.

वाशाला असं भोक दिसलं तर लगेच बुजवू नका. आत पिल्लं असू शकतात, आणि रुईसारख्या झाडांची फळधारणा याच भुंग्यांवर अवलंबून असते.