शारदा ते धैर्यधर : केशवराव भोसल्यांचा आवाज

नांदेड-लातूरकडच्या संगीतवर्गांत एक प्रसंग वर्षातून एकदोनदा तरी पाहायला मिळतो. काळी चारमध्ये सहज गाणारा तेरा-चौदा वर्षांचा मुलगा एके दिवशी तार षड्जावर अडखळतो. आवाज फुटला, असे सगळे म्हणतात. मग तो तबल्याकडे वळतो, हार्मोनियमकडे वळतो किंवा वर्गच सोडतो. जे टिकतात त्यांना काळी एकमध्ये बसवले जाते. पुरुषाचा उंच आवाज हा बालपणाचा अवशेष आहे, अशी समजूत यामागे असते. ती कितपत खरी, हे तपासायला संगीतसूर्य केशवराव भोसले यांची सुरुवातीची कारकीर्द उपयोगी पडते. खरे तर ३१व्या वर्षी जो नट गेला, त्याची सगळीच कारकीर्द सुरुवातीची म्हणावी लागेल.

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात झाला. वडिलांचे छत्र लवकर हरपले. गरिबीमुळे अगदी लहान वयातच त्यांना स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत धाडले गेले. तिथे त्यांचे नाव झाले ते देवलांच्या ‘शारदा’तील नायिकेच्या भूमिकेने. या यशाचे श्रेय सहसा गोड गळ्याला दिले जाते. ते पुरेसे नाही. ‘शारदा’तली गाणी बोलण्याच्या अगदी जवळची, तिथे तानांपेक्षा शब्द लागायला हवा. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली जाणारी मुलगी आणि पोटासाठी कंपनीच्या बिऱ्हाडात वाढणारा मुलगा यांचे वय जवळपास एकच होते. न फुटलेला आवाज तिथे सोंगाचा भाग राहिला नाही. तो त्या भूमिकेचा स्वाभाविक आवाज होता.

प्रश्न उभा राहतो तो यानंतर. पौगंडावस्थेत मुलाच्या स्वरतंतूंची लांबी वाढते आणि बोलण्याचा आवाज साधारण एका सप्तकाने खाली उतरतो. केशवराव या वयात रंगभूमीवरच होते. आणि १ जानेवारी १९०८ रोजी, वयाची अठरा वर्षे पुरी होण्याआधी, त्यांनी हुबळीला ललितकलादर्श ही स्वतःची मंडळी काढली. ज्या वयात आपल्याकडची मुले गाणे सोडतात, त्याच वयात या मुलाने आपल्या गळ्याच्या भरवशावर अख्ख्या कंपनीचा संसार अंगावर घेतला. पुढे रामकृष्णबुवा वझ्यांची तालीम मिळाली. बुवांची गायकी जोरकस, पेचदार. १९१३ साली वीर वामनराव जोश्यांच्या ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’त केशवरावांनी मृणालिनी केली, ती वयाच्या तेविशीच्या आसपास. उंची तशीच राहिली, पण आवाजाचा पोत बदलला. शारदेची आर्तता जाऊन तिथे ताकद आली.

असा बदल युरोपातल्या ऑपेरानेही पाहिला आहे. अठराव्या शतकात तिथल्या वीरनायकांची पदे बहुधा लहानपणी खच्ची केलेले गायक बायकांच्या पट्टीत गात. ती प्रथा मागे पडली आणि एकोणिसाव्या शतकात नायकाचे स्थान टेनरकडे, म्हणजे पुरुषाच्या नैसर्गिक उंच आवाजाकडे आले. त्या परंपरेचा सर्वांत गाजलेला गायक एन्रिको कारुसो. १८९५ साली नेपल्समध्ये तो रंगमंचावर आला, तेव्हा त्याच्या वरच्या सुरांचाही भरवसा नव्हता, ते फाटत. कमावत कमावत त्याने ते पक्के केले. म्हणजे पुरुषाची उंच पट्टी जन्मजात देणगीइतकीच मेहनतीचीही गोष्ट आहे. कारुसो २ ऑगस्ट १९२१ रोजी गेला. केशवराव त्याच वर्षी, ४ ऑक्टोबरला.

या दोन मृत्यूंच्या किंचित आधी, ८ जुलै १९२१ रोजी, मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. या प्रयोगाची आठवण आजवर दोन गवयांच्या सामन्यासारखी सांगितली जाते : कुणाला किती वन्समोअर, कोण सरस ठरले. या हिशेबात महत्त्वाची गोष्ट निसटते. खाडिलकरांच्या नाटकात श्रीमंतीचा तोरा मिरवणारी भामिनी ज्या गरीब शिपाईगड्याला झिडकारते, त्याच्या शौर्यावर अखेर तिचे मन जडते. धैर्यधराचा आवाज भामिनीच्या आवाजाला तोलून धरणारा नसेल, तर हे मनपरिवर्तन प्रेक्षकांना फक्त ऐकून घ्यावे लागते, कानांना पटत नाही. बालगंधर्वांच्या लोकप्रियतेमुळे संगीत नाटकाचे पारडे नायिकेकडे झुकले होते. त्या रात्री ते समतोल झाले, असे मला वाटते. एकेकाळी शारदा गाणारा मुलगा आता नायक म्हणून, ध्वनिक्षेपकाशिवाय, भरलेल्या नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता.

अकाली मृत्यूमुळे कीर्ती फुगते, हा आक्षेप इथे घेता येईल. पण केशवरावांची वाट एकट्याची नव्हती. १९१८ साली बळवंत संगीत मंडळी काढणारे मास्टर दीनानाथही आधी ‘भावबंधन’मधली लतिका करत होते आणि पुढे धैर्यधर झाले. नायिकेच्या पदांतून नायकाच्या उंच, धारदार गायकीकडे जाणारा हा रस्ताच होता. बोलपट आले, ध्वनिक्षेपक आला, कंपन्या मोडल्या, आणि त्या रस्त्यावरची वर्दळ थांबली.

मराठवाड्यात मात्र तो पुरता बुजलेला नाही. लातूर-नांदेडच्या खेड्यांत एकादशीच्या रात्री भजनाला बसावे. टाळ-पखवाजाच्या गजरावर चाळिशीचा शेतकरी काळी चारमध्ये चाल लावतो आणि तार सप्तकात मोकळेपणी फिरतो. त्याचाही आवाज कधीतरी फुटलाच होता. त्याला कुणी पट्टी उतरवायला सांगितले नाही. गात राहण्याची सवड दिली. संगीतवर्गात अडखळलेल्या त्या मुलाला वर्ष-दोन वर्षे खालच्या सुरांत विसावू द्यावे, पण वर जाण्याची वाट बंद करू नये. केशवरावांच्या तेरा वर्षांच्या ललितकलादर्शातून निदान एवढे तरी शिकता येते.