'ऑब्स्क्युअर' आणि 'दुर्बोध' : एक पर्यायविचार

मराठी समीक्षेत 'दुर्बोध' हे विशेषण इंग्रजीतील 'ऑब्स्क्युअर' या शब्दाचा पर्याय म्हणून रूढ झाले आहे. प्रत्यक्षात मात्र 'व्हेग', 'अँबिग्युअस' आणि 'क्रिप्टिक' या तीन निराळ्या शब्दांचे कामही आपण त्याच्याकडूनच करवून घेतो. बा. सी. मर्ढेकरांच्या 'काही कविता' (१९४७) या संग्रहावर दुर्बोधतेचा आक्षेप घेतला गेला. ग्रेस यांच्या 'संध्याकाळच्या कविता' (१९६७) या संग्रहालाही तो चुकला नाही. आक्षेपाचा शब्द एकच असला, तरी आक्षेपाचा विषय एकच होता काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत टिपणात त्याचाच विचार करावयाचा आहे.

या इंग्रजी शब्दांची मुळे पाहिली म्हणजे त्यांतील भेद ध्यानात येतो. 'ऑब्स्क्युअर' हा लॅटिनमधील अंधारलेले, झाकलेले अशा अर्थाच्या शब्दापासून आला. 'व्हेग' याचे मूळ भटकणारा या अर्थाच्या शब्दात आहे. 'अँबिग्युअस' याच्या मुळाशी दोन्ही बाजूंस हाकणे ही कल्पना आहे. झाकलेली वस्तू तेथे असतेच, फक्त दिसत नाही. भटकणाऱ्यास ठावठिकाणा नसतो. दोहोंकडे हाकल्या गेलेल्यास वाटा स्पष्ट दिसतात. अडचण निवडीची असते. 'ऑब्स्क्युअर' हा शब्द झाकणे या अर्थी क्रियापद म्हणूनही चालतो, इतर दोन तसे चालत नाहीत, हेही या दृष्टीने सूचक होय.

हा भेद ओळखण्यासाठी टीपेची कसोटी लावून पाहावी. ऑब्स्क्युअर वाक्याला योग्य टीप जोडली की अर्थ उलगडतो. 'अँबिग्युअस' वाक्याची टीप फार तर संभाव्य अर्थ मोजून दाखवील. 'व्हेग' वाक्याला मात्र कोणतीही टीप पुरी पडत नाही. कारण लेखकाने जे निश्चित केलेलेच नाही, ते टीपाकार कोठून आणणार? 'रामाने शामाला आपल्या घरी पाठवले' या वाक्यात घर रामाचे की बोलणाऱ्या-ऐकणाऱ्यांचे, हा संशय आहे. पण दोन्ही अर्थ स्वतंत्रपणे स्वच्छ आहेत. 'काही दिवसांनी पाहू' या वाक्यात संशय नाही, सीमारेषाच नाही. महानुभावांचे सकळ लिपीतील ग्रंथ मात्र बाहेरच्यांना अंधारात होते, वि. का. राजवाडे प्रभृती संशोधकांनी लिपीची उकल करताच त्यांचा अर्थ खुला झाला. तेथे झाकण हेतुपुरस्सर होते, म्हणून 'क्रिप्टिक' हा शब्द अधिक नेमका ठरेल.

'ऑब्स्क्युअर' या शब्दाची आणखी एक छटा भाषांतरकाराला हमखास चकविणारी आहे. टॉमस हार्डीची १८९५ साली प्रसिद्ध झालेली 'ज्यूड द ऑब्स्क्युअर' ही कादंबरी घ्या. तिचा नायक समजण्यास कठीण आहे असे शीर्षकास म्हणावयाचे नाही. ज्याचे नाव जगाला ठाऊक नाही, विद्यापीठाची दारे ज्याला उघडली नाहीत, असा तो सामान्य मनुष्य आहे. येथे 'दुर्बोध' हा पर्याय हास्यास्पद होईल. 'उपेक्षित' किंवा 'अज्ञात' हाच मार्ग. अंधार बुद्धीपुढचा असो की समाजातला, शब्दाचे मूळचे चित्र एकच आहे.

आता 'दुर्बोध' या शब्दाकडे वळू. 'दुष्कर', 'दुर्लभ' यांप्रमाणे हाही 'कष्टाने होणारे' अशा अर्थाचा शब्द आहे. म्हणजे तो वस्तूचा गुण सांगत नाही. वाचणाऱ्याला पडलेले कष्ट सांगतो, आणि ते कोणाला पडले हे अध्याहृत ठेवतो. इंग्रजी विशेषणे कारणाकडे बोट दाखवितात, 'दुर्बोध' परिणामाकडे. म्हणूनच हा शब्द निदान म्हणून वापरता येत नाही. ती केवळ तक्रार राहते.

कारणभेदाने दोष ओळखण्याची पद्धती आपल्या परंपरेस अपरिचित होती असे नाही. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'च्या सातव्या उल्लासात 'संदिग्ध', 'क्लिष्ट', 'अप्रतीत' आणि 'निहतार्थ' हे दोष वेगवेगळे मोजले आहेत. दोन अर्थांत संशय राहिला तर संदिग्ध; अर्थ फार वळणांनी हाती आला तर क्लिष्ट; शब्द एखाद्या शास्त्रातच रूढ असेल तर अप्रतीत; आणि प्रसिद्ध अर्थ मागे सारून अप्रसिद्ध अर्थ योजला तर निहतार्थ. शिवाय हे दोष नित्य नाहीत. बोलणारा आणि ऐकणारा दोघेही शास्त्रज्ञ असतील तर अप्रतीत पद गुण ठरते; व्याजस्तुतीत संदिग्धताही शोभते. विल्यम एम्प्सन याने १९३० साली 'सेव्हन टाइप्स ऑफ अँबिग्युइटी' या ग्रंथात अनेकार्थतेला काव्याची शक्ती मानले, आणि 'अँबिग्युअस' हा निंदावाचक शब्द समीक्षेपुरता प्रशंसावाचकही झाला. दोघांच्या भूमिका एक नव्हेत. परंतु प्रकार ठरविल्याखेरीज गुणदोष ठरत नाही, हे दोघांच्याही विवेचनातून निष्पन्न होते.

या दृष्टीने पुढील पर्याय सुचवावेसे वाटतात : 'ऑब्स्क्युअर'साठी 'दुर्बोध', पण कारण सांगूनच, 'अँबिग्युअस'साठी दोष असेल तेथे 'संदिग्ध' आणि गुण असेल तेथे 'अनेकार्थी', 'क्रिप्टिक'साठी संतवाङ्मयाने परिचित केलेला 'कूट', आणि 'व्हेग'साठी कचेरीच्या भाषेतला 'मोघम'. 'मोघम उत्तर' म्हणताच उत्तर देणाऱ्याची जबाबदारी सूचित होते. 'दुर्बोध उत्तर' म्हटल्याने ती होत नाही.

मर्ढेकरांच्या कवितेतील यंत्रयुगीन शब्द, इंग्रजी पदे आणि गाळलेले व्याकरणाचे दुवे यांचा उलगडा टीपांनी पुष्कळसा होतो; तेथे 'दुर्बोध' म्हणणे फार तर तात्पुरते आहे. ग्रेस यांच्या खाजगी प्रतिमांपाशी टीप तोकडी पडते. तेव्हा त्या अनेकार्थी आहेत की मोघम, हा निर्णय प्रत्येक कवितेपाशी थांबून करावा लागेल. पहिल्या पक्षी कवीचा गौरव होईल, दुसऱ्या पक्षी त्याला दोष द्यावा लागेल. इतके परस्परविरुद्ध दोन निवाडे एकाच शब्दात झाकले जाणार असतील, तर 'ऑब्स्क्युअर' हे विशेषण कवितेपेक्षा आपल्या समीक्षेलाच अधिक लागू पडेल.