नैराश्याचे उपचार : एका पुस्तकाची तपासणी

नैराश्याच्या उपचारांविषयी बोलताना हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येते: 'ती औषधे म्हणजे नुसत्या साखरेच्या गोळ्या, हे सिद्ध झालंय.' या वाक्याचा उगम बऱ्याच अंशी अर्विंग कर्श या मानसशास्त्रज्ञाच्या 'द एम्परर्स न्यू ड्रग्ज' या २००९ सालच्या पुस्तकात सापडतो. आज आपण ते पुस्तक तपासू. आम्ही डॉक्टर नाही. युक्तिवाद कुठे टिकतो आणि कुठे घसरतो, एवढेच पाहणे हे आमचे काम.

आधी कर्श यांची बाजू नीट मांडू. औषध कंपन्यांनी अमेरिकी नियामक संस्थेकडे दिलेली, पण सगळीच प्रसिद्ध न झालेली आकडेवारी त्यांनी माहितीच्या कायद्याखाली मिळवली. चार औषधे, ३५ चाचण्या. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. हॅमिल्टन मापनश्रेणीत जास्तीत जास्त ५२ गुण असतात. त्यावर औषध घेणाऱ्यांची सुधारणा सरासरी ९.६ गुणांची, आणि प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी, घेणाऱ्यांची ७.८. फरक फक्त १.८. ब्रिटनमधल्या 'नाइस' संस्थेने तेव्हा ३ गुणांचा फरक हा उपयुक्ततेचा निकष मानला होता.

ही कामगिरी मोठी आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. फसलेल्या चाचण्या कपाटात आणि यशस्वी तेवढ्या मासिकात, हा खेळ त्यांनी उघड्यावर आणला. 'मेंदूत सेरोटोनिन कमी पडले की नैराश्य येते' या सोप्या गोष्टीवरही त्यांनी बोट ठेवले. २०२२ साली जोआना मॉन्क्रिफ आणि सहकाऱ्यांनी घेतलेल्या व्यापक आढाव्यातही त्या गोष्टीला सातत्यपूर्ण पुरावा मिळाला नाही.

पण इथेच पहिली घसरण सुरू होते. कारणाची गोष्ट खोटी ठरली म्हणून उपाय खोटा ठरत नाही. पॅरासिटामॉलने ताप उतरतो. म्हणून शरीरात पॅरासिटामॉलची कमतरता होती, असे कुणी म्हणत नाही. आणि ती कमतरता नव्हती हे कळल्यावर ताप उतरलाच नव्हता, असेही म्हणत नाही. कंपन्यांनी पहिली चूक केली, त्यांचे टीकाकार दुसरी करतात. दोन्ही चुका एकाच जातीच्या आहेत, बघा.

दुसरा मुद्दा सरासरीचा. १.८ हा आकडा कुणा एका माणसाचा नव्हे. शंभर जणांना थोडा थोडा गुण आला तरी तो येईल, आणि थोड्यांना भरपूर व बाकीच्यांना जवळपास काहीच नाही, तरीही तो येईल. २०२२ साली याच नियामक संस्थेकडच्या ७० हजारांहून अधिक रुग्णांच्या माहितीचे विश्लेषण झाले. फरक साधारण तेवढाच, पावणेदोन गुणांचा. पण प्लासिबोने झाली असती त्यापेक्षा ठळक सुधारणा सुमारे १५ टक्के रुग्णांत औषधामुळे झाली, असा अंदाज निघाला. या निबंधाच्या लेखकांत स्वतः कर्श आहेत! १५ टक्के हा काही चमत्कार नाही. पण त्या पंधरांपैकी एक जण आपल्या घरातला असेल, तर त्याला 'साखरेची गोळी' म्हणून कसे चालेल?

तिसरा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्लासिबो गटाची ७.८ गुणांची सुधारणा सगळीच गोळीवरच्या विश्वासाची नसते. नैराश्याचा झटका पुष्कळदा काळाबरोबर ओसरतो. शिवाय दर थोड्या दिवसांनी कुणीतरी बोलावते, झोप-भूक विचारते, ऐकून घेते. कर्श यांना याची जाणीव आहे. पुस्तकाच्या शीर्षकाला मात्र ती नाही.

आणि मग तराजू बदलतो. पर्याय म्हणून कर्श मानसोपचार आणि व्यायाम सुचवतात. सूचना चांगलीच आहे. पण गोळीची चाचणी रुग्णाला न कळू देता घेता येते; संभाषणाची कशी घेणार? आपण समुपदेशकासमोर बसलो आहोत हे माणसाला कळतेच. पुष्कळ चाचण्यांत तर तुलना नुसत्या प्रतीक्षायादीशी असते. औषधाला सोनाराचा काटा आणि संभाषणाला भाजीचा तराजू, हा न्याय नव्हे.

याचा अर्थ संभाषण निरुपयोगी असा कृपया घेऊ नका. आपल्या शेजारच्या गोव्यातले उदाहरण पाहा. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर एक प्रयोग केला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ भेटी घेतल्या. भर कशावर? सुटलेली छोटी कामे, माणसांच्या गाठीभेटी, फेरफटका हे पुन्हा हळूहळू सुरू करण्यावर. मन लागेल तेव्हा करू, असे नाही. करता करता मन लागू द्यायचे. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के रुग्ण लक्षणांतून बाहेर आले होते, तुलनेच्या गटातले ३९ टक्के. तुलना सुधारलेल्या नेहमीच्या उपचारांशी होती, म्हणून यातून 'औषध हरले' असे निघत नाही. निघते ते इतकेच की नीट केलेल्या संभाषणात ताकद आहे, आणि ते गावातही पोचवता येते.

तेव्हा 'गोळी की गप्पा' हा प्रश्नच चुकीचा मांडला आहे. सौम्य नैराश्यात बोलण्याचे उपचार आणि हालचाल आधी. तीव्र असेल तर औषध, पुष्कळदा दोन्ही. माणसाने अन्नपाणी सोडले असेल, जिवावर बेतले असेल, तर विद्युतउपचारही. आपल्याकडे 'शॉक' म्हटले की सिनेमा आठवतो. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय तो उपचार करायला मनाई केली आहे.

एक शेवटची, पण तातडीची गोष्ट. असे पुस्तक वाचून कुणी चालू गोळी एकदम बंद करू नये. चक्कर, अस्वस्थता, झोप उडणे असे त्रास होतात, आणि आजार उलटू शकतो. कमी करायची असेल तर डॉक्टरांशी बोलून, टप्प्याटप्प्याने. जवळ कुणीच नसेल तर सरकारची 'टेली-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतही मिळते.

पुस्तक जरूर वाचा. त्यातली आकडेवारी ठेवा, शीर्षक बाजूला ठेवा. पुढच्या वेळी 'सिद्ध झालंय' हा शब्द ऐकलात की विचारा: काय सिद्ध झालंय, कशाच्या तुलनेत, आणि कुणासाठी?