पेशंटचं वाक्य कुठे गेलं?

सावंगी (मेघे), वर्धा. गेल्या काही वर्षांत वैद्यकीय नियतकालिकांतल्या केस रिपोर्टांवर, लेखकांच्या नावांखाली, हा पत्ता सारखा दिसतो. तिथे जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज आहे, आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. मी डॉक्टर नाही. हे रिपोर्ट मी कथा वाचावी तसे वाचतो.

कथा म्हणून साचा पक्का आहे. वय, लिंग, तक्रार, किती दिवसांपासून. मग तपासण्या, निदान, उपचार, चर्चा. पहिल्या वाक्यात माणूस येतो, दुसऱ्यापासून त्याचा अवयव उरतो. ओपीडीत एखादी बाई म्हणेल, ‘पोट दुखूनच रायलं जी, काही करू देत नाही.’ कागदावर उतरतं, ‘ओटीपोटात वेदना, तीन आठवडे.’ ओळख लपवायला हवी, भाषा नेमकी हवी, हे मान्यच. पण ‘काही करू देत नाही’ या शब्दांत कदाचित बुडालेली सोयाबीनची सोंगणी होती, उशिरा दवाखान्यात येण्याचं कारणही होतं. ते गाळलं की निदान राहतं, आजारपण जातं.

या लेखनप्रकारावरचा नेहमीचा आक्षेप मात्र वेगळाच आहे: केस रिपोर्टांचा संदर्भ फारसा कुणी देत नाही. इम्पॅक्ट फॅक्टरचं गणित साधं आहे. मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा मिळालेले संदर्भ, भागिले त्या लेखांची संख्या. केस रिपोर्ट भाजकात बसून जागा अडवतो, वर फारशी भर घालत नाही. म्हणून अनेक नियतकालिकांनी ते छापणं कमी केलं किंवा थांबवलं.

हा हिशेब मला पटत नाही. महाराष्ट्रातलाच एक जुना रिपोर्ट घ्या. १९५२ साली मुंबईच्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये जेमतेम दोन पानांत मोजक्या माणसांच्या रक्ताबद्दल लिहिलं. साध्या तपासणीत ओ गटाचं वाटणारं, पण ज्याला ओ गटाचं रक्तही चालत नाही, असं रक्त. तोच आपला ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’. (शहराचं नाव १९९५ साली बदललं, रक्ताचं नाही.) या गटाच्या दात्यासाठी रात्री व्हॉट्सअॅपवर मेसेज फिरवणारा कुणी भेंड्यांचा संदर्भ देत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी हे ओळखलं होतं: एखादं काम ज्ञानात इतकं मुरतं की मूळ लेखाचं नाव घ्यायची गरजच संपते. मोजणीत ते शून्य दिसतं.

उलट उदाहरण अंगावर काटा आणणारं आहे. १९८० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पाच वाक्यांचं एक पत्र आलं: अफूवर्गीय औषधं दिलेल्या ११,८८२ रुग्णांत व्यसनाची फक्त चार प्रकरणं आढळली. २०१७ साली त्याच नियतकालिकात त्या पत्राच्या ६०८ संदर्भांची छाननी छापून आली. ४३९ जणांनी ते ‘व्यसन क्वचितच लागतं’ याचा पुरावा म्हणून वापरलं होतं. हे रुग्ण इस्पितळात भरती होते, ही मुख्य अट ४९१ जणांनी सांगितलीच नव्हती. पाच वाक्यं! अमेरिकेतल्या ओपिऑइड संकटाला या पत्राने हातभार लावला, असं छाननी करणाऱ्यांचं म्हणणं. संदर्भ भरपूर, वाचन किती?

म्हणून सावंगीच्या रिपोर्टाला किती संदर्भ मिळाले हे मी बघत नाही. त्यात काय नोंदलंय ते बघतो. २०१३ साली आलेल्या ‘केअर’ या मार्गदर्शक तत्त्वांत एक छोटा मुद्दा आहे: शक्य तिथे रुग्णाचा स्वतःचा दृष्टिकोन द्यावा. मी वाचलेल्या बऱ्याच रिपोर्टांत, सावंगीचे असोत की इतर कुठले, हा भाग नसतोच. असला तर रुग्ण उपचारांबाबत समाधानी आहे, एवढ्यावर आटोपतो. ते वाक्य रुग्णाचं वाटत नाही, डिस्चार्ज कार्डाचं वाटतं. तिथे त्या बाईचं बोलणं, तिची परवानगी घेऊन, आधी वऱ्हाडीतच छापावं. इंग्रजी अर्थ खाली देता येईल.